एकविसावा रकाना

(सगळ्या वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार)

बुधवार, २८ फेब्रुवारी २०२४. उरले १४२ दिवस.

क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीच्या ‘फाल्कन’ सेन्सरची ७.११ ही आवृत्ती ग्राहकांना मिळते. फाल्कनचं काम पहाऱ्याचं. बँका, विमान कंपन्या, इस्पितळं, सरकारी कचेऱ्या यांच्या संगणकांत तो बसवलेला असतो, आणि विंडोजवर तर अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये. तिथून हल्लेखोर हाती लागणं सोपं जातं हे खरं. पण नेहमीचा एखादा प्रोग्राम चुकला तर तेवढाच बंद पडतो. कर्नलमध्ये चूक झाली की अख्खा संगणक बसतो.

७.११ मध्ये एक नवी सोय आहे. विंडोजमधले प्रोग्राम आपापसांत बोलायला ‘नेम्ड पाइप’ नावाची वाट वापरतात. हल्लेखोरही ती वापरू लागले, म्हणून तिच्यावर नजर ठेवणारा नवा साचा तयार केला आहे. त्याला कंपनीत ‘टेम्प्लेट टाइप’ म्हणतात. या वाटेवर काही हालचाल झाली की तिच्याबद्दल २१ गोष्टी तपासता येतील, असं साचा सांगतो. म्हणजे २१ रकाने. मात्र प्रत्यक्ष हालचालीची माहिती गोळा करून तपासणाऱ्या प्रोग्रामच्या हाती देणारा जो कोड आहे, तो देतो २०.

नवा कोड जमा झाला की त्याची परीक्षा घेणारा दुसरा कोड त्याच्यावर सोडायचा, हा या धंद्यातला रोजचा रिवाज. पुण्यात हिंजवडीपासून खराडीपर्यंत हजारो मुलंमुली पगार घेतात तो याच कामाचा. क्राउडस्ट्राइकमध्येही टेस्ट होत्या, हाताने केलेल्या आणि आपोआप चालणाऱ्याही. त्या चालल्या आणि पास झाल्या. टेस्ट लिहिल्याच नव्हत्या, असं असतं तर हा घटनाक्रम मांडायचं कारणच नव्हतं. आळसाच्या गोष्टी सगळ्या सारख्याच असतात.

मग २१ आणि २० मधला फरक सुटला कसा? टेस्टसाठी साच्याच्या रकान्यांत अटी भरून जे नमुना-नियम वापरले, त्या प्रत्येकात एकविसाव्या रकान्यात वाइल्डकार्ड होतं. वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मवर अपेक्षेच्या एखाद्या रकान्यात ‘अट नाही’ लिहिलं, की समोरच्या स्थळाची त्या बाबतीत कोणी चौकशीच करत नाही, वाइल्डकार्डचं तसंच. काहीही चालणार असेल तर काय आलंय ते पाहायचं कशाला? तपासणारा प्रोग्राम विसाव्या रकान्यापर्यंत गेला, एकविसाव्यात अट नाही असं पाहून परत फिरला, आणि तिथे मुळात काहीच ठेवलेलं नाही हे त्याला कळलं नाही.

टेस्टिंगच्या कुठल्याही क्लासात पहिल्या आठवड्यात शिकवतात, की काठावर टोचून बघा. शून्य, एक, शेवटचा, आणि शेवटच्याच्या पुढचा. चुका मधे क्वचित सापडतात, काठाला हमखास. एकविसावा रकाना हा काठच होता. त्यात वाइल्डकार्डऐवजी एखादा साधा शब्द टाकून टेस्ट एकदा चालवली असती, तर ती तिथल्या तिथे कोसळली असती. चार-पाच ओळींचं काम.

मंगळवार, ५ मार्च. उरले १३६ दिवस.

आता स्ट्रेस टेस्ट. नवा साचा निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, निरनिराळ्या भाराखाली चालवून पाहतात. तो टिकतो. टिकणारच, भार कितीही वाढवला तरी एकविसाव्या रकान्याला कोणी हात लावत नाही. याच दिवशी साचा वापरात येतो आणि त्याचे नियम ‘चॅनल फाइल २९१’ या फायलीतून जगभरच्या संगणकांकडे जायला मोकळे होतात.

८ ते २४ एप्रिल.

आणखी तीन नियम जातात. तिन्ही सुखरूप. एकविसाव्यात वाइल्डकार्ड.

उरलेले दिवस. मे, जून, अर्धा जुलै.

या काळात सांगण्यासारखं काही घडत नाही, तेव्हा पुढे जे होणार आहे ते समजायला लागणारी एक गोष्ट इथे सांगून टाकतो. क्राउडस्ट्राइक ग्राहकांना दोन तऱ्हेचा माल पाठवत असे. एक म्हणजे सेन्सर, खुद्द प्रोग्राम. त्याची नवी आवृत्ती पूर्ण टेस्टिंगमधून जायची, टप्प्याटप्प्याने वाटली जायची, आणि सावध ग्राहकाला ‘मला एक किंवा दोन आवृत्त्या मागेच ठेवा’ असं सांगता यायचं. नव्याचे नऊ दिवस दुसऱ्याने काढावेत, मग आपण घ्यावं, हा शहाणपणा मोठ्या बँकांच्या आयटी खात्यांत पुष्कळ आहे. दुसरा माल म्हणजे ‘रॅपिड रिस्पॉन्स कंटेंट’, रोज नव्या धोक्यांनुसार निघणारे नियम. हे नियम म्हणजे कोड नव्हे, नुसता डेटा, असं धरलेलं होतं. त्यामुळे ते सगळ्यांना एकदम जात. मागच्या आवृत्तीवर थांबलेल्यालाही जात. ‘थांबा’ म्हणायची सोय ग्राहकाकडे नव्हती.

डेटा आणि कोड ही वेगळी माणसं आहेत असं मानण्याची सवय या व्यवसायात खोल रुजलेली आहे. कोड बदलला की चार जणांची सही लागते, आणि फाइलमधली एक ओळ बदलली की ‘कॉन्फिग चेंज आहे हो’ म्हणून सोडून देतात. प्रोग्राम काय करणार हे ज्या फायलीवरून ठरतं ती फाइल कोडइतकीच जोखमीची आहे, असं टेस्टर मंडळी वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. मीटिंगमध्ये ऐकून घेतात आणि पुढच्या मुद्द्यावर जातात.

शुक्रवार, १९ जुलै २०२४, पहाटे ३.१०. उरले साडेसहा तास.

मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउडचा मध्य अमेरिकेतला विभाग आजारी पडतो. तिकडच्या काही स्वस्त विमान कंपन्यांची विमानं जमिनीवर थांबतात. येऊ घातलेल्या संकटाशी याचा काडीचाही संबंध नाही. पण काही तासांनी सगळं जग निळ्या पडद्यांकडे पाहत असताना दोन्ही बातम्या एकमेकींत मिसळतील, आणि आपल्याकडे तर हा प्रकार ‘मायक्रोसॉफ्ट डाउन’ याच नावाने ओळखला जाईल.

सकाळी ८.३९. उरला एक तास.

ऑस्टिन या कंपनीच्या गावी अजून गुरुवारची रात्र आहे, दहा वाजून नऊ मिनिटं. लंडनमध्ये शुक्रवारची पहाट, सिडनीत शुक्रवारची दुपार. मुंबईत लोकल भरून चालल्या आहेत. ‘शुक्रवारी रिलीज करायचं नाही’ हा आयटीतला अलिखित नियम सगळीकडे पाळतात, कारण शनिवार-रविवार कोणाला बिघडवून घ्यायचा नसतो. पृथ्वी गोल असल्याने ऑस्टिनची गुरुवारची रात्र ही आपली शुक्रवारची सकाळ असते, एवढी बाब त्या नियमात बसलेली नाही.

आजच्या खेपेला साच्याचे दोन नवे नियम निघाले आहेत. त्यातल्या एकात एकविसाव्या रकान्यात पहिल्यांदाच खरी अट लिहिलेली आहे.

हे नियम बाहेर पडण्याआधी ‘कंटेंट व्हॅलिडेटर’ नावाच्या प्रोग्रामपुढून जातात. बाहेर सोडण्याआधीची ही शेवटची चौकी. व्हॅलिडेटर पाहतो की साच्यात २१ रकाने आहेत आणि नियमात २१ अटी. जुळलं, पास. सेन्सरला प्रत्यक्षात २० च गोष्टी मिळतात हे त्याच्या गावीही नाही, कारण तोही साच्याचाच कागद समोर धरून बसलाय. ज्या समजुतीवर कोड उभा आहे त्याच समजुतीवर त्याचा परीक्षकही उभा असला, तर दोघं मिळून एकच चूक दोनदा करतात.

हे नियम एका तरी खऱ्या विंडोज संगणकावर चालवून पाहावेत असं का वाटलं नाही? कंपनीने पुढे दिलेलं कारण वाचण्यासारखं आहे: मार्चमधली टेस्ट पास झाली होती, एप्रिलमधले नियम व्यवस्थित चालले होते, आणि व्हॅलिडेटरवर विश्वास होता. प्रत्येक कारण आपल्या जागी बिनचूक आहे.

सकाळी ९.३९. शून्य.

चॅनल फाइल २९१ ची नवी प्रत निघते.

एका संगणकात काय होतं ते जवळून पाहू. सेन्सर फाइल उतरवून घेतो, नवे नियम वाचतो. अजून सगळं ठीक. मग कुठलातरी प्रोग्राम नेम्ड पाइपला हात लावतो. विंडोजमध्ये हे सतत चालू असतं, त्यामुळे फार वाट पाहावी लागत नाही. विंडोज सेन्सरला खबर देतं. सेन्सर २० गोष्टींची यादी बनवतो आणि नियम तपासायला घेतो. एकविसाव्या रकान्यात अट आहे, म्हणून तो यादीतली एकविसावी नोंद वाचायला जातो. यादी विसाव्यालाच संपलेली आहे. त्यापुढच्या मेमरीत जे काही पडलेलं असेल ते तो पत्ता समजून उचलतो आणि त्या पत्त्यावर वाचायला जातो. तिथे वाचण्यासारखं काही नाही. कर्नलमध्ये अशी आगळीक झाली की विंडोज पुढची जोखीम घेत नाही, तडक थांबतं. पडदा निळा होतो.

संगणक आपणहून पुन्हा सुरू होतो. सेन्सर हा पहारेकरी असल्याने विंडोज उठतं त्याच वेळी तोही उठतो, हल्लेखोराच्या आधी जागं असावं म्हणून. तो उठतो, तीच फाइल वाचतो, पुन्हा निळा पडदा. पुन्हा सुरू. पुन्हा निळा. दुरुस्त फाइल उतरवून घ्यायला लागतो तेवढा वेळसुद्धा बहुतेक संगणक जागे राहत नाहीत.

सकाळी ९.३९ ते १०.५७.

या ७८ मिनिटांत जो विंडोज संगणक चालू होता, इंटरनेटला जोडलेला होता आणि ज्याच्यावर फाल्कनची ७.११ किंवा त्यापुढची आवृत्ती होती, त्याच्याकडे ही फाइल जाऊ शकत होती. अमेरिका झोपलेली होती, तिथले कित्येक लॅपटॉप बंद होते म्हणून वाचले; सर्व्हर मात्र झोपत नाहीत. आपल्याकडे नेमकी ऑफिसं उघडायची वेळ. कार्ड दाखवून आत येऊन, चहा घेऊन, लॅपटॉप उघडायचा, आणि हेल्पडेस्कला फोन लावायचा तर हेल्पडेस्कवाल्याचाही पडदा निळा.

ऑस्ट्रेलियात सुपरमार्केटची बिलं अडतात, वाहिन्या अडखळतात. ब्रिटनमध्ये लोक उठतात तेव्हा स्काय न्यूजचं थेट प्रक्षेपण बंद असतं, आणि दवाखान्यांत डॉक्टरांना पेशंटची नोंद उघडता येत नाही.

१०.५७ ला कंपनी फाइल मागे घेते. यापुढे सुरू होणाऱ्या संगणकांना धोका नाही. जे पडलेत ते पडलेलेच.

दुपारी १२ च्या पुढे.

दुरुस्ती कागदावर सोपी आहे. संगणक सेफ मोडमध्ये सुरू करा, ड्रायव्हर्सच्या फोल्डरमधल्या क्राउडस्ट्राइकच्या फोल्डरात जा, नावात २९१ असलेली फाइल पुसा, पुन्हा सुरू करा. मात्र हे दुरून होत नाही. ज्या संगणकाला इंटरनेटपर्यंत पोहोचताच येत नाही त्याला दुरून आज्ञा देणार कशी? प्रत्येक यंत्रापाशी एक माणूस हवा. विमानतळाच्या छताला टांगलेल्या पडद्यामागच्या यंत्रापाशीही.

त्यात कंपन्यांनी सुरक्षेसाठी डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद केलेल्या. सेफ मोडमध्ये जायचं तर ४८ अंकी किल्ली मागतं. आयटी खात्यातला मुलगा फोनवर सहा-सहा अंक वाचून दाखवतोय, पलीकडे कोणीतरी ते टाइप करतंय, एखादा अंक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. काही ठिकाणी या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवलेल्या, तोच पडलेला. अझूरवरच्या यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्ट वेगळाच सल्ला देते: बंद-चालू करत राहा, काहींना पंधरा वेळा केल्यावर यश आलं आहे. सुरू होता होता सेन्सरने कोसळायच्या आधी दुरुस्त फाइल उतरवून घेतली तर सुटका, नाहीतर आणखी एकदा.

दुपार ते संध्याकाळ. भारतातले विमानतळ.

मुंबई, दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद. इंडिगो, अकासा, स्पाइसजेट या कंपन्या चेक-इनचं काम हातावर घेतात. हैदराबादहून निघालेल्या एका प्रवाशाच्या हाताने लिहिलेल्या बोर्डिंग पासचा फोटो देशभर फिरतो. नाव, विमानाचा क्रमांक, सीट, सगळं बॉलपेनने. इंडिगोची दोनशेच्या आसपास उड्डाणं रद्द होतात. शेअर बाजार मात्र नेहमीसारखे चालतात, सरकारी एनआयसीचं जाळं शाबूत राहतं, आणि रिझर्व्ह बँक सांगते की १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला.

दुपारी ३.१५.

क्राउडस्ट्राइकचे प्रमुख जॉर्ज कर्ट्झ एक्सवर लिहितात की हा सायबर हल्ला नाही, विंडोजसाठीच्या एका कंटेंट अपडेटमध्ये दोष होता, मॅक आणि लिनक्सला काही झालेलं नाही, दुरुस्ती पाठवली आहे. निवेदनात माफी नाही; ती थोड्या वेळाने टीव्हीवर मागतात. कर्ट्झ यांच्यासाठी हा प्रसंग अगदीच अनोळखी नव्हता. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफीच्या एका सदोष अपडेटने विंडोज एक्सपीमधली एक अत्यावश्यक फाइल व्हायरस समजून काढून टाकली होती आणि हजारो संगणक असेच सुरू-बंद होत बसले होते. तेव्हा मॅकॅफीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी कर्ट्झच होते.

समाजमाध्यमांवर तोवर तज्ज्ञांचं पीक आलेलं असतं. फाइलमध्ये नुसती शून्यं होती, हा सिद्धांत सर्वांत जोरात. कंपनीने तो फेटाळला. वाचणाऱ्याला कोरी फाइल हे कारण पटकन पटतं. २१ रकान्यांचं प्रकरण तेव्हा कोणाच्या डोक्यात येणार?

रात्र.

आता अमेरिकेचा दिवस. युनायटेड, अमेरिकन, डेल्टा यांनी पहाटेच विमानं थांबवून ठेवलेली. इस्पितळं तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. अलास्कात ९११ हा आणीबाणीचा क्रमांक लागेना. जगभरात त्या एका दिवसात ५ हजारांहून अधिक उड्डाणं रद्द. कंपनीचा शेअर दिवसअखेर ११ टक्क्यांनी घसरलेला.

शनिवार, २० जुलै, पहाटे ३.

भारतातल्या विमानतळांवर यंत्रणा पूर्ववत होते, असं नागरी विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू सांगतात. त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टचा अंदाज येतो: ८५ लाख विंडोज संगणक, एकूण विंडोज यंत्रांच्या १ टक्क्याहूनही कमी. पण ती नेमकी कामाची यंत्रं होती. फाल्कन परवडतो तोच मुळी ज्यांचं बंद पडणं परवडत नाही अशांना.

पुढचे दिवस.

डेल्टाची घडी पाच दिवस बसत नाही. वैमानिक आणि कर्मचारी कुठल्या गावात आहेत याचा हिशेब ठेवणारी यंत्रणाच गडबडते, आणि सुमारे ७ हजार उड्डाणं रद्द होतात. पॅरामेट्रिक्स या विमा विश्लेषण कंपनीने अमेरिकेतल्या ५०० बड्या कंपन्यांचं थेट नुकसान, मायक्रोसॉफ्ट वगळून, ५४० कोटी डॉलर धरलं.

२४ जुलैला क्राउडस्ट्राइकने प्राथमिक अहवाल काढला. यापुढे रॅपिड रिस्पॉन्स कंटेंटच्या कोणकोणत्या टेस्ट करू याची यादी त्यात होती. यादीतली पहिली बाब वाचून टेस्टिंगमधल्या लोकांनी डोक्याला हात लावला असणार: लिहिणाऱ्याने आपल्या स्वतःच्या यंत्रावर चालवून पाहणं. त्याखाली अपडेट मागे घेऊन पाहणं, मुद्दाम वाकडातिकडा डेटा देऊन पाहणं, टप्प्याटप्प्याने वाटणं. नवीन असं यादीत काहीच नव्हतं.

२५ जुलैला यादीच्या टोकापलीकडे वाचू न देणारी तपासणी सेन्सरमध्ये घातली. २७ जुलैला, साचा जितके रकाने सांगतो तितकीच माहिती येते का, हे कोड बांधतानाच पाहणारी दुरुस्ती आली. ६ ऑगस्टला मूळ कारणाचा सविस्तर अहवाल निघाला. २१ आणि २० चा हिशेब जगाला तिथे कळला. त्यात कंपनीने सांगितलं, की आता प्रत्येक साच्याच्या प्रत्येक रकान्यासाठी वाइल्डकार्ड नसलेली टेस्ट लिहिली आहे. त्याच महिन्यात लास व्हेगासच्या हॅकर संमेलनात ‘सर्वांत भव्य अपयश’ म्हणून क्राउडस्ट्राइकला पुरस्कार दिला गेला, आणि कंपनीचे अध्यक्ष मायकल सेन्टोनास स्वतः मंचावर जाऊन तो घेऊन आले. हे मात्र मला आवडलं.

२५ ऑक्टोबर २०२४.

डेल्टा जॉर्जियातल्या न्यायालयात दावा लावते. दाव्यातला मुख्य युक्तिवाद टेस्टचाच आहे: अपडेट पाठवण्याआधी एका तरी संगणकावर चालवून पाहिलं असतं, तर तो संगणक तिथेच बंद पडला असता. क्राउडस्ट्राइक म्हणते, बाकीच्या विमान कंपन्या सावरल्या. डेल्टाला उशीर झाला तो तिच्या स्वतःच्या जुनाट यंत्रणेमुळे. मे २०२५ मध्ये न्यायाधीशांनी घोर निष्काळजीपणाचा मुद्दा फेटाळायला नकार दिला आणि खटला पुढे चालू ठेवला.